बारा तासांचे शहाणपण

पर्यावरण नियोजनाच्या धंद्यात नव्याने पडलेल्या मंडळींनो, परवाच मी शहरी पूर या विषयावरचे दोन दिवसांचे निरंतर प्रशिक्षण उरकून आलो. 12 तास, प्रमाणपत्रासह, जेवण धरून. बूट अजून वाळायचे आहेत, तोवर तुमच्या हिताच्या चार गोष्टी सांगून घेतो.

स्वेटर न्या. बाहेर बडोद्याचा जुलै असला तरी ऊर्जाबचतीचे सत्र एसी सोळा अंशांवर आणल्याशिवाय खुलत नाही.

आधी क्यूआर कोड, मग चहा. उलट केलेत तर तुम्ही आलाच नव्हतात.

दीपप्रज्वलनाला हसू नका. एसीच्या झोतात वात तीनदा विझली, पाहुण्यांचे बोट भाजले, शेवटी एसी बंद करून ज्योत टिकवली. मग त्यांना प्लॅस्टिकच्या चकचकीत कागदात गुंडाळलेली तुळस दिली. ती गुदमरत होती, पण तिला बोलायची संधी नव्हती. ती आम्हालाही नव्हती.

वक्ते निवृत्त साहेब असतील, तर पडद्यावरचे ते वाचून दाखवतील. तुम्हालाही वाचता येते, हे त्यांना कळू देऊ नका. कोपनहेगन आले की वही काढा. 2 जुलै 2011 ला तिथे दोन तासांत 150 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि त्या लोकांनी शहराचा आराखडा नव्याने आखला, हे ऐकून सगळा हॉल हळहळला. त्याच हॉलपासून रिक्षाने दहा मिनिटांवर विश्वामित्री नदी वाहते. 31 जुलै 2019 ला याच गावात एका दिवसात वीस इंचांच्या घरात पाऊस पडला होता. त्याची स्लाइड नव्हती. असो, कोपनहेगनचे फोटो छान येतात.

प्रश्न विचारू नका. ही सूचना मी स्वतः पाळली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. साहेब प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीच्या, 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेवर आले. प्रकल्पाचा पर्यावरणीय अहवाल करताना सहसा एका ऋतूची आधारभूत माहिती गोळा करायची, पावसाळा सोडून. हे वाक्य त्यांनी तीन वेळा वाचले, कारण चाचणीत येणार होते. मी हात वर केला. म्हटले, सर, पावसात हवेतली धूळ बसते म्हणून हवेचे नमुने पावसाळ्यात घेऊ नयेत, हे पटते. पण नदीकाठचा प्रकल्प असेल आणि आम्ही मार्चमध्ये जाऊन नदी बघितली, तर आम्ही नदी बघितली की नदीचा खड्डा? साहेबांनी संयोजकाकडे पाहिले. संयोजकाने घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘सर, जमवानुं तैयार छे.’’ म्हणजे जेवण तयार. संपले. पुराच्या प्रशिक्षणात पावसाळ्याचा प्रश्न उंधियोखाली गेला. हिवाळी भाज्यांचा उंधियो, आणि जुलैत! तोही मोसम सोडूनच.

स्थळभेटीला छत्री नको, गॉगल न्या. आमची बस विश्वामित्रीवरच्या, काळा घोडा चौकाजवळच्या पुलावर दहा मिनिटे थांबली. पंचेचाळीस नियोजनकार नदीतली मगर शोधत होते. पलीकडच्या झाडाच्या फांदीत, जवळजवळ कठड्याच्या उंचीला, चिंध्या, गवत आणि पॉलिथिनचा एक मळकट झुबका अडकला होता. ऑगस्ट 2024 मध्ये 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी पस्तीस फुटांवर गेले, त्याची ती नदीने स्वतः मारलेली खूण. फुकट, बिनचूक, ना स्लाइड ना प्रोजेक्टर. एकानेही वर पाहिले नाही. बॅनर सरळ धरा, असे फोटोवाला ओरडला. आम्ही धरला. चला, पुढचे सत्र हवेच्या प्रदूषणाचे!

चाचणीची काळजी नको, उत्तरे आधी ग्रुपवर येतात.

आता थट्टा पुरे. माझी मावशी याच गावात, वडसरला राहते. त्या ऑगस्टात तिने तीन रात्री गच्चीवर काढल्या, खाली फ्रिज पाण्यावर आडवा तरंगत होता. तिने भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे, पुसू देत नाही. रोज सकाळी ती दोनच आकडे विचारते, आजवा तलाव किती फूट आणि काळ्या घोड्याच्या पुलाशी नदी किती. बारा तासांत हे दोन आकडे आमच्यापैकी कुणाच्याही तोंडून निघाले नाहीत. आजव्याचे जादा पाणी आपल्याच नदीत येते, हे गावातल्या दूधवाल्याला ठाऊक असते. कांस म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारा ओढा. भुखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस ही नावे किती जणांनी ऐकली होती, विचारून बघा. त्या कांसांवर स्लॅब टाकून पार्किंग केले, ते कोणी केले? अडाण्यांनी? नकाशावर सही करायला पात्र माणूस लागतो, आणि तो पात्र राहावा म्हणून हे तास मोजतात. सही तुमचीच असते. माझीही आहे, एका नकाशावर. तेव्हा प्रशिक्षण भरवणाऱ्यांनो, हॉल रद्द करा. पहिल्या मोठ्या पावसात, सकाळी आठ वाजता, गुडघाभर पाण्यात भुखी कांसेच्या काठाने चालवा या पंचेचाळीस जणांना, ती विश्वामित्रीला मिळते तिथपर्यंत. मग वडसरला आणा. मावशी चहा करील आणि रेघ दाखवील. लाज वाटली तर तिथे वाटेल, हॉटेलात वाटणार नाही.

आणि माझ्या प्रमाणपत्रावर नावाआधी ‘कुमारी’ छापले आहे, तेवढे बदलून द्या. दोनदा ईमेल केला आहे.