उणे पाचशेचा पाढा

पुण्याच्या मेव्हणीला शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवायची म्हणून दुकानात ₹५०० आगाऊ भरले होते. मालकांनी माझ्यासमोर ते संगणकात चढवले. त्यांच्याकडे उधारी अधिकच्या चिन्हाने दिसते, जमा उणेच्या. काल मालक लग्नाला गेलेले, गल्ल्यावर पुतण्या. तो भर गर्दीत ओरडला, "काका, पाचशे बाकी आहे की ओ तुमची! उणे दाखवतंय."

मी तोंड उघडणार तोच छत्री मिटत एक गृहस्थ पुढे सरसावले. रिटायर्ड गणिताचे मास्तर. कोणी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. मला दंडाला धरून त्यांनी एका शहाबादी फरशीवर उभं केलं. "हलू नका. तुम्ही शून्य."

सोलापुरात चाळीस वर्षं राहून हे ऐकायचं होतं.

माझ्या उजवीकडे पाच फरश्या मोजून त्यांनी चटणीची बरणी ठेवली, डावीकडे पाच मोजून स्वतःची छत्री. एका बाईंना त्यासाठी बाजूला व्हावं लागलं. "अंतर सारखं, दिशा उलट. ह्या विरुद्ध संख्या. बेरीज किती रे?"

"शून्य!" पुतण्या.

"शाब्बास! मग उणे पाचशेत अधिक पाचशे मिळव. भांडण मिटलं."

पोराने खरंच मिळवलं. पडद्यावर शून्य. दुकानात समाधान पसरलं.

"अहो, ते माझे पैसे होते! उणे म्हणजे जमा. जमेची विरुद्ध उधारी, ती चढवलीत तुम्ही!"

"वा!" मास्तर खुलले. "आता शून्याची विरुद्ध संख्या सांगा."

"शून्यच! पण माझे पाचशे?"

"अगदी बरोबर," म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली.

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच सांगून ठेवलंय, धन आणि ऋण सारखे असतील तर बेरीज शून्य. मान्य. पण धन कुणाचं आणि ऋण कुणाचं, हे आधी बघायचं असतं ना? १७५८ मध्ये इंग्लंडात फ्रान्सिस मॅसेरेस या गृहस्थाने उणे संख्यांविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. गणितवाले त्याला हसतात. मला काल तो माणूस फार जवळचा वाटला. चूक चिन्हाची, फटका माझ्या खिशाला, आणि वर धडाही मीच घ्यायचा! नुसते ₹५०० परत मागायला गेलो तर "काका लई चिकट" अशी ख्याती होणार, ते वेगळंच.

मालकांना फोन केला. वरातीतल्या बँडमधून "उद्या बघू" एवढंच ऐकू आलं.

तोवर मास्तरांनी ऐंशी रुपयांची चटणी पिशवीत टाकली. "लिहून ठेव रे." पोराने बाकी म्हणून इमानदारीत उणे ऐंशी चढवले. म्हणजे आता दुकानच मास्तरांचं ऐंशी रुपये देणं लागतं. खात्यात सरळ एकशे साठचा फरक पडला.

मला दिसलं. पण माझे पाचशे परत येईपर्यंत मी काही बोलणार नाही.