परत आलेल्याने खोली मागून घ्यावी

"तुझंच तर घर आहे, विचारायचं काय त्यात?" असं आईवडील मनापासून म्हणतात. तरीही विचारावं, असं माझं ठाम मत झालंय.

घटस्फोट होतो, नोकरी जाते, भाडं परवडेनासं होतं, आणि चाळिशीला टेकलेला माणूस खोकी-बॅगा घेऊन आईवडिलांच्या दारात उभा राहतो. मीही राहिलो. बघणाऱ्यांना यात दोनच गोष्टी दिसतात. एक, याचं काहीतरी बिनसलंय. दोन, आईवडिलांनी किती सांभाळून घेतलं. हा यायच्या आधी त्या दोघांचं काय चाललं होतं, हे कोणी विचारत नाही.

बरंच काही चाललेलं असतं. मुलं बाहेर पडल्यावर सुरुवातीला घर खायला उठतं, हे खरंच. पण पुढे त्या घराला एक नवीन लय सापडते. दोघं हवं तेव्हा जेवतात, नाहीतर जेवतही नाहीत. दुपारी फोन बाजूला ठेवून झोपतात. मुलाच्या खोलीत बाबांचं टेबल येतं, पुस्तकं येतात, दार लावून बसायची सवय लागते. मोठ्याने भांडताही येतं, कारण ऐकायला कोणी नसतं! (ही सोय किती मोठी आहे ते मला इथे राहायला लागल्यावर कळलं. माझी चाहूल लागली की दोघं एकदम गप्प होतात.) आणि मग एक दिवस मुलगा येतो. त्याच्याबरोबर त्याचं जागरण येतं, त्याचे ऑफिसचे कॉल येतात, त्याचा उतरलेला चेहराही येतो.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी युरोपातल्या १७ देशांमधल्या आईवडिलांच्या माहितीवरून २०१८ साली हेच मांडलं होतं. मुलं निघून गेल्यावर रिकाम्या झालेल्या घरात एखादं मूल परत राहायला आलं, की आईवडिलांचं जीवनमान खालावतं. वयामुळे चालताना किंवा कपडे घालताना अडचण येऊ लागली की जेवढा फरक पडतो, साधारण तेवढा. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की घरात दुसरं मूल आधीपासून राहत असेल तर हा परिणाम दिसला नाही. म्हणजे आईवडिलांना मुलं जड होतात असं नाही. एकदा नव्याने बसवलेली घडी मोडते, त्याचा तो त्रास असतो.

परतण्याची लाज वाटण्याबद्दल मात्र मला फार बोलायचं नाही, कारण तिच्यात तथ्य कमी आहे. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी संस्थेच्या २०२२ च्या आकड्यांनुसार फिनलंडमधली मुलं सरासरी एकविसाव्या वर्षी घर सोडतात, क्रोएशियातली तेहतिशी ओलांडल्यावर. क्रोएशियातले सगळे नालायक आहेत का? कोविडच्या काळात, जुलै २०२०मध्ये, अमेरिकेतले १८ ते २९ वयाचे ५२ टक्के तरुण आईवडिलांबरोबर राहत होते. काळ फिरला की माणसं घरी येतात. येऊ द्यावं.

कसं यावं, हा खरा मुद्दा आहे. 'आपल्याच घरात कसले हिशेब' असं म्हणणाऱ्या घरांत हिशेब होतातच, फक्त मनातल्या मनात. किराणा कोण आणतो, विजेचं बिल कोणी भरलं, गाडी कोण वापरतं, हे तोंडाने बोललं जात नाही आणि मग एखाद्या रविवारी टॉवेल कुठे वाळत घातला यावरून स्फोट होतो. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यातच बसून बोलावं. मी दरमहा अमुक देईन, ही कामं माझी, रात्री उशीर होणार असेल तर कळवीन पण कुठे होतो ते सांगणार नाही. आणि साधारण कधीपर्यंत राहीन. ती तारीख पुढे गेली तरी बिघडत नाही, पण ती सांगितलेली असावी. आईवडील स्वतःहून कधीच विचारणार नाहीत, आणि त्यांना ती हवी असते.

आईवडिलांनीही आपल्या बाजूने थोडं सोडावं. चाळिशीतल्या माणसाला "जेवलास का?" विचारणं ठीक, "कोणाचा फोन होता?" नको. घरात शिरलं की मुलगा सोळा वर्षांचा होतो, हे अर्धंच खरं. आईबाबाही तेव्हाचे आईबाबा होतात.

घरात भाऊ-वहिनी आधीपासून राहत असतील तर गोष्ट आणखी नाजूक. दवाखान्याच्या फेऱ्या, गळका नळ, बाबांचा चिडचिडेपणा हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं निभावलेलं असतं. बाहेरून आलेला मात्र आठ दिवसांत सुचवायला लागतो, की आईच्या गोळ्या या डब्यात ठेवा, हा सोफा तिकडे हलवा. अशा वेळी परवानगी आईवडिलांइतकीच त्यांचीही घ्यावी, आणि निदान काही महिने सूचना गिळाव्यात.

आजारी आईवडिलांसाठी जो परत येतो त्याला यातलं बरंचसं लागू होत नाही. तो आधार मागायला नाही, द्यायला आलेला असतो. त्याची नोकरी, त्याचा संसार, त्याची झोप पणाला लागलेली असते. तिथे तारीख, पैसे आणि कामाची वाटणी हे प्रश्न लांब राहणाऱ्या भावंडांना विचारायचे असतात, आणि ते त्याने एकट्याने विचारावेत अशी वेळच येऊ नये.