लाकडाला हात न लावता वुडकट कसा करावा

पहिली गोष्ट, मुद्राचित्रण, म्हणजे ठोकळ्यावरून, पत्र्यावरून किंवा दगडावरून चित्राचा ठसा घेण्याची कला, शिकण्याच्या फंदात पडू नका. चित्र काढून देणाऱ्या एआयच्या प्रॉम्प्टमध्ये 'जुनं, वुडकट, एचिंग, लिथोग्राफ' सगळं एका दमात लिहून मोकळे व्हा. एकात लाकूड कोरतात, दुसऱ्यात आम्ल धातूचा पत्रा खातं, तिसऱ्यात दगडावर तेलकट खडू चालवतात, असल्या चौकशा करायला वेळ आहे कुणाला?

कागद पिवळा करा. कोपऱ्यात एक डाग.

रंग थोडे सरकलेले हवेत. जपानी चित्रकार होकुसाईच्या त्या प्रसिद्ध मोठ्या लाटेच्या चित्राचे, साधारण १८३१ सालचे, ठसे घेणाऱ्यांनी, वेगवेगळ्या ठोकळ्यांवरचे रंग सरकू नयेत म्हणून ठोकळ्यांवर खुणेच्या खाचा पाडल्या होत्या. वेडेच! हीच चूक पुढे लोक हौसेने मागून घेणार, हे त्यांना कुठून कळणार.

आता छटा. आडव्यातिडव्या रेघांची जाळी सढळ हाताने पसरा. एचिंगमध्ये ती सोपी, सुई फिरवली की झाली. काळ्या रेघेच्या वुडकटमध्ये मात्र रेघ ठेवून भोवतीचं लाकूड काढायचं असतं. म्हणजे रेघांनी एकमेकींना छेदलं की मधला एकेक चौकोन वेगळा उकरायचा, श्वास रोखून. एक टवका उडाला की रेघ गेली. म्हणून जुने कारागीर जाळी जपून टाकत. परवा एका प्रकाशकाने मला पाठवलेल्या, एआयने काढलेल्या घुबडाच्या अंगावर असे हजारभर चौकोन होते. आणि रेघा? पिसातून निघाली ती फांदीत शिरली, फांदीतून चंद्रावर चढली आणि तिथे विरघळली. विरघळली! अहो, ठोकळ्यावर शाई लागते किंवा लागत नाही. हळूहळू राखाडी होत जाणारी रेघ कुठल्या लाकडातून आली? आणि हे घुबड माझ्याकडे कशाला, तर "रेघा तेवढ्या नीट करून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे." याच प्रकाशकाने गेल्या महिन्यात माझ्या लिनोकटला, म्हणजे लिनोलियम कोरून केलेल्या ठशाला, 'फार वेळ जाईल' म्हणून नकार दिला होता.

असो. सही विसरू नका. पेन्सिलीची वाटेल अशी, कुणालाही न लागणारी. शेजारी ३/५०, म्हणजे पन्नास प्रतींतली तिसरी. उरलेल्या एकोणपन्नास प्रती कुठे आहेत असं विचारणारा माणूस खडूस असतो.

कुणी फारच कुरकुर केली तर जुना जर्मन चित्रकार ड्यूररचं नाव पुढे करा. त्यानेही १५१५ साली गेंडा न पाहता, नुसत्या वर्णनावर आणि कच्च्या रेखाटनावर, गेंड्याचा वुडकट केलाच की! तो ठोकळा कुणीतरी खरोखर कोरला होता, त्यातली 'RHINOCERVS' ही अक्षरंसुद्धा उलटी कोरली होती, एवढं बोलू नका.

पुरे झालं. चित्र यंत्राकडून काढून घेतलंत ना? मग तसं छापा की! त्याची लाज वाटते म्हणून दुसऱ्याच्या हाताच्या घट्ट्यांचं सोंग कशाला? श्रेयनामावलीत 'मुद्राचित्र' लिहिताना हात अडखळत नाही? कसली मुद्रा, कुठे उमटली? आणि वर ते सोंग नीटनेटकं करायला मलाच बोलावता?

घुबड परत पाठवलंय. रेघा तशाच आहेत.