स्वाहिलीतले दादा, मामा आणि दोनचा ठोका

दक्षिण आफ्रिकेत 'रोबोटपाशी डावीकडे वळा' हे ऐकून पाहुणे यंत्रमानव शोधत राहिले (तिथे वाहतुकीच्या सिग्नलला रोबोट म्हणतात), हा किस्सा नुकताच एका लेखात वाचताना मला टांझानियातल्या दारेसलाम शहरातले आमचे दिवस आठवले. टांझानियात मराठी माणसाचा गोंधळ अधिकच होतो, कारण स्वाहिली या तिथल्या भाषेतले काही शब्द कानाला अगदी घरचे वाटतात आणि नाती मात्र भलतीच निघतात. तिथे दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे चक्क आई. बाजारात भाजीवालीने माझ्या आईला आदराने 'मामा' अशी हाक मारली, तेव्हा आई मागे वळून कोण पुरुषमाणूस आला आहे ते पाहू लागली, आणि खुलासा झाल्यावर भाजीवालीसह आम्ही सारे पोट धरून हसलो.

वेळेचा घोळ याहून मोठा होता. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे ७ हा त्यांचा पहिला तास. सुताराने 'साआ म्बिली', म्हणजे शब्दशः दोन वाजता, येतो असे सांगितले होते. आम्ही दुपारी जेवणे उरकून त्याची वाट पाहत बसलो आणि तो बिचारा सकाळी ८ वाजताच, आम्ही बाजारात असताना, दार वाजवून परत गेला होता. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच वेळी उगवत असल्याने ही पद्धत तिथे फार सोयीची आहे, आणि मला ती मनापासून आवडली. त्या लेखाच्या लेखकांनी पूर्व आफ्रिकेवरही अवश्य लिहावे.