दोन गोल मी मारले आणि शिव्या त्याला?

काल आपण फुटबॉलची मॅच ३-१ जिंकलो, त्यातले दोन गोल माझे, आणि रात्री टीमचा ग्रुप उघडतो तर आपल्या स्ट्रायकरची, म्हणजे सगळ्यात पुढे खेळणाऱ्याची, धुलाई चालू. "होता कुठे हा?" "नुसता पळतो." "स्ट्रायकरचा नऊ नंबर घालून शून्य गोल, बसवा बाहेर." वर माझं कौतुक. डोकंच फिरलं.

अरे, होता कुठे काय विचारता? दुसरा गोल आठवा. बॉल आपल्या राइट बॅककडे, हा बॉक्समध्ये, त्यांचे दोन्ही सेंटर बॅक, म्हणजे मधले डिफेंडर, याला चिकटलेले, एकाने तर पाठीमागून याची जर्सी मुठीत धरलेली. हा आधी दोन पावलं मागे आला, जणू पायातच बॉल हवाय, आणि बाजूने क्रॉस सुटायच्या जेमतेम आधी निअर पोस्टकडे, म्हणजे बॉलच्या बाजूच्या खांबाकडे, असा सुटला की दोघंही त्याच्या मागे धावले, गोलकीपरही तिकडेच सरकला, आणि बॉल सगळ्यांना चुकवून मागच्या पोस्टला आला तिथे मी एकटा! आसपास कुत्रं नव्हतं. मी नुसता पाय लावला. गोल माझ्या नावावर, याला असिस्टसुद्धा (गोलआधीच्या पासचं श्रेय) नाही कारण बॉलला याचा स्पर्शच नाही. याच्या वाट्याला पोटरीवर स्टडचे वळ. पहिल्या गोलच्या वेळीही हाच अंगावर धावून गेला म्हणून त्यांच्या डिफेंडरने घाबरून पास आपल्याला दिला, पण ते कोण लक्षात ठेवतंय.

हा रोग जुना आहे. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सचा स्ट्रायकर जिरूने एकही गोल केला नाही, एक शॉट टार्गेटवर नाही, लोक अजून त्यावरून हसतात. पण कोच देशाँने त्याला टीममधून काढलं का? नाही. तो डिफेंडर अंगावर घेत राहिला, एम्बाप्पे आणि ग्रीझमन मोकळे सुटले, फ्रान्स चॅम्पियन. लिव्हरपूलने २०१९-२० ला ३० वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकली, सालाहचे १९ गोल, मानेचे १८ आणि त्यांचा नऊ नंबर फिर्मिनोचे ९, घरच्या मैदानावर तर फक्त एक, तोही शेवटच्या होम मॅचला. म्हणून तो फुकट खेळला? आणि रिअल माद्रिदचा स्ट्रायकर बेन्झेमा! २०१७-१८ ला लीगात ५ गोल, स्वतःचेच फॅन शिट्ट्या मारायचे. रोनाल्डो क्लब सोडून गेला, गोल मारायचं काम याच्याकडे आलं आणि २०२२ ला बॅलन डी'ओर, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. तेव्हा म्हणे सुधारला. अरे सुधारला काय, आधीही तोच खेळाडू होता, तुम्ही बघत नव्हता.

त्या हायलाइट्सचा पण मला भयंकर राग येतो. शेवटचा पाय लागला तेवढं दाखवतात, आधीची धाव कापून टाकतात. आणि ते रेटिंगवाले ॲप, मॅच संपली की लगेच आकडा, तो आकडा बघून लोक मॅच न बघता मत ठोकणार.

गोल नकोत असं मी म्हणत नाहीये. मँचेस्टर सिटीच्या हालांडने २०२२-२३ ला प्रीमियर लीगमध्ये ३६ मारले, मानलंच त्याला. समोर फक्त कीपर असताना तीन चान्स घालवले तर खुशाल बोला. पण काल याला चान्स मिळाले किती? एक, तोही पाठीमागून आलेला. सेकंड हाफमध्ये हा बॉक्समध्ये पूर्ण मोकळा हात वर करून उभा होता आणि मी हावरटासारखं स्वतःच शूट केलं, बॉल बारवरून गेला. त्यावर ग्रुपमध्ये एक तरी मेसेज आहे का? नाही. कारण माझे दोन गोल झालेत ना, मला सगळं माफ.

आणि आज सकाळी त्याने ग्रुपवर लिहिलंय, "सॉरी, पुढच्या मॅचला प्रयत्न करतो." खाली तुम्ही अंगठे दाखवलेत. सॉरी कशाबद्दल रे? त्याने कशाला सॉरी म्हणायचं?