डोळा म्हणजे चपलेचा तळ नव्हे

'गुहांचं रहस्य' हा फॉरवर्ड तीन ग्रुपवरून आला, तेव्हा मी गप्प बसलो. काल भाचीने तोच विज्ञानाच्या वहीत उतरवून घेतलेला दाखवला. मग राहवेना.

सगळ्यात कहर मुद्दा हा: 'गुहेतल्या माशांनी डोळे वापरले नाहीत म्हणून ते झिजून गेले.' एक तर झिजतं ते वापरल्याने, पण ते असो. मेक्सिकोच्या गुहांमधला आंधळा मासा लोक काचेच्या टाकीत पाळतात. दिव्याखाली पिढ्यान्‌पिढ्या वाढला तरी पिल्लं बिनडोळ्यांचीच. गंमत अशी, की गर्भाला डोळा फुटू लागतो. मग भिंगातल्या पेशी मरतात, वाढ खुंटते आणि वरून कातडी येते. २००० साली यामामोतो आणि जेफरी या शास्त्रज्ञांनी याच माशाच्या नदीतल्या डोळस भाईबंदाच्या गर्भातलं भिंग काढून गुहेतल्या गर्भाच्या एकाच बाजूला बसवलं. मासा वाढला तो एकीकडे चांगला टपोरा डोळा आणि दुसरीकडे कोरी कातडी घेऊन! ज्या गर्भाने अजून काही पाहिलंच नाही, त्याने डोळा 'वापरला नाही' म्हणजे काय? हा पिढ्यांमधून उतरलेला बदल आहे.

'गुहेत जे असतं ते बाहेरून आलेलं.' अर्धं खरं, मान्य. बहुतेक गुहा पुरासोबत आलेल्या पालापाचोळ्यावर आणि वटवाघळांच्या विष्ठेवर जगतात. पण १९८६ साली रोमानियात सापडलेल्या मोविले गुहेत जीवाणू हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेनवर वाढतात, पाण्यावर त्यांची साय धरते. त्या सायीवर बारके जीव, आणि त्यांना खायला आंधळे पाणविंचू. म्हणजे इथे अन्न गुहेच्या आतच तयार होतं.

'गुहाविज्ञान म्हणजे दगडांचं शास्त्र, किडे मोजणं ही हौस.' जगातली पहिली गुहाविज्ञान संस्था १९२० साली रोमानियातल्या क्लुज शहरात काढणारा एमिल राकोवित्सा प्राणिशास्त्रज्ञच होता. पुढे.

शेवटचा सल्ला मात्र घातकी आहे: 'वटवाघळं धुराने हाकला, गुहा स्वच्छ करा.' विष्ठा उपसली की आतल्या किड्यांच्या पुढचं ताटच ओढलं. आणि थंडीत झोपलेलं वटवाघूळ उठलं, की साठवलेली चरबी जळते आणि बाहेर खायला किडे नसतात. उत्तर अमेरिकेत २००६ पासून नाकावर पांढरी बुरशी येऊन लाखो मेली, तीही अशीच, वारंवार जाग येऊन. भाचीच्या वहीतलं हे वाक्य मी आधी खोडायला लावलं, डोळ्यांचं नंतर.