"सांगितलं होतं ना, मग गेले का नाहीत?" – 'जुना पुणेकर' यांना उत्तर

अमेरिकेतल्या कॅटरिना चक्रीवादळावरच्या माझ्या लेखाखाली 'जुना पुणेकर' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा देतो. न्यू ऑर्लिन्सच्या लोकांना शहर सोडायला सांगितलं होतं, ते गेले नाहीत, मग सरकारच्या नावाने शंख कशाला? खरा दोष शहराचे महापौर नेगिन आणि लुइझियाना राज्याच्या गव्हर्नर ब्लांको यांचा असून मी उगाच राष्ट्राध्यक्ष बुश आणि फेमाच्या (केंद्र सरकारच्या आपत्ती निवारण संस्थेच्या) मागे लागलोय. २००५ च्या २६ जुलैला, महापुरात, मुंबईकर रडत बसले नाहीत. वादळाची तीव्रताही मी चुकीची लिहिली. आणि शेवटी अहेर: "ह्यूस्टनमध्ये एसीत बसून गरिबीवर गळे काढणं सोपं असतं."

चूक आधी कबूल करतो. कॅटरिना किनाऱ्यावर धडकली तेव्हा पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र, श्रेणीची होती असं मी लिहिलं होतं. ती आदल्या दिवशी मेक्सिकोच्या आखातावर पाचव्या श्रेणीची होती. २९ ऑगस्ट २००५ च्या सकाळी लुइझियानात शिरली तेव्हा तिसऱ्या. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. 'अभ्यास न करता लिहिणारे' हे शब्द नसते तर आणखी मोकळेपणाने मानले असते.

आता एसी. अहो साहेब, सप्टेंबरात ह्यूस्टनमध्ये एसीशिवाय राहणारा माणूस मला दाखवा, मी त्याला दंडवत घालतो. मतभेद असावेत, जरूर असावेत. पण समोरच्याच्या घरातलं सामान मोजून त्याचा मुद्दा खोडायचा, ही कुठली रीत? मी तुमच्या घरात काय आहे ते विचारलंय का?

असो. तुमचं मूळ वाक्य घेऊ. सांगितलं होतं, मग गेले का नाहीत?

सांगितलं म्हणजे काय केलं? शहर रिकामं करायचा सक्तीचा हुकूम निघाला रविवारी, २८ ऑगस्टच्या सकाळी. सोमवारी सकाळी वादळ दारात. मध्ये पुरते चोवीस तासही नाहीत. शहरात दर चार घरांमागे एका घरात गाडी नव्हती, आणि हे त्या रविवारी कुणाला नव्याने कळलं असंही नाही. २००४ च्या जुलैत 'पॅम' नावाच्या काल्पनिक वादळाची रंगीत तालीम लुइझियानात झाली होती, तीही फेमाच्या पैशाने. पुष्कळ माणसं शहरातच अडकतील हे त्या तालमीत गृहीत धरलेलं होतं. तालमीत पाठ असलेलं वाक्य प्रयोगाला विसरले, आणि तुम्ही प्रेक्षकांना दोष देताय.

अमेरिकेत गाडी नसणं म्हणजे काय, ते पुण्यातल्या बसथांब्यावर उभं राहून कळायचं नाही. इथे एसटी नाही, वडाप नाही, "चला डेक्कन, एक सीट" म्हणून ओरडणारा सहा आसनीवाला नाही. हायवेवर चालत निघालात तर पुढचं गाव कधी येईल ते देव जाणे.

तुम्हाला अभ्यास हवाय ना? मग माझा अभ्यास सांगतो. त्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये, न्यू ऑर्लिन्सहून आणलेल्या लोकांच्या छावणीत, पाच संध्याकाळी काम केलं. ऑफिस सुटलं की थेट तिकडे. अख्ख्या मैदानभर घडीच्या खाटा, खाटेला खाट लागलेली. माझ्याकडे काम होतं नावं लिहून घ्यायचं: तुम्ही कोण, घरातलं कोण सापडत नाहीये. सत्तरीचे एक गृहस्थ समोर येऊन बसले. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट. प्लास्टिकच्या पिशवीत औषधांच्या रिकाम्या बाटल्या. तुमचाच प्रश्न मी त्यांना विचारला, तुमच्याइतक्याच शहाणपणाने: आधीच का नाही निघालात? त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि मलाच विचारलं, वादळ किती तारखेला आलं? म्हटलं, एकोणतीसला. "माझा चेक एक तारखेला येतो," ते म्हणाले, आणि नाव लिहायला लागा अशी मान हलवली.

महिनाअखेर, साहेब. महिनाअखेर कशाशी खातात ते तुम्ही विसरला असाल, मी विसरलेलो नाही. माझे वडील गिरणीत होते.

आणि तीन आठवड्यांत पाळी आमच्यावर आली. रीटा नावाचं दुसरं वादळ. आम्हालाही शहर सोडायला सांगितलं, आम्ही निघालो, अगदी तुमच्या आदर्श नागरिकासारखे. गुरुवारी पहाटे, टाकी भरलेली, खिशात क्रेडिट कार्ड, डॅलसला मित्राचं घर. चार तासांच्या रस्त्याला बावीस तास लागले. पेट्रोल पुरावं म्हणून एसी बंद. हो, एसी बंद, नोंद घ्या. मागे पोरगी तापलेली, बायकोने केलेल्या दशम्या संध्याकाळपर्यंत संपल्या, आणि रस्त्यातले सगळे पंप कोरडे. समोरून येणाऱ्या मार्गिका रिकाम्या दिसत होत्या. त्या आमच्यासाठी उघडायला दुपार उजाडली. दुसऱ्या दिवशी डॅलसजवळ वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना घेऊन निघालेली एक बस पेटली आणि त्यात २३ जण गेले. त्यांनाही सांगितलं होतं. तेही निघाले होते.

मुंबईचं काढलंत म्हणून दोन ओळी. माझा मेहुणा त्या रात्री सांताक्रूझहून बोरिवलीला चालत गेला. वाटेत चहा-बिस्किटं देणाऱ्यांचे उपकार तो अजून सांगतो. पण मिठी नदी कुणी बुजवली, हेही तोच विचारतो. २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कुणाच्या हातात नव्हता, कबूल; नदी-नाल्यांची जी दशा त्या पुराच्या चौकशीसाठी नेमलेल्या चितळे समितीपुढे आली ती माणसांनी केलेली होती. शिवाय मुंबईचं पाणी ओहोटीबरोबर समुद्राला मिळालं. न्यू ऑर्लिन्सची समुद्रसपाटीखालची वाटी आहे. तिथलं सगळं पाणी उपसायला ऑक्टोबर उजाडला. 'स्पिरिट, स्पिरिट' करून टाळ्या वाजवल्या की साहेबलोक सुटतात, एवढंच होतं.

नेगिन, ब्लांको, लोकांना न्यायला न वापरता पाण्यात बुडालेल्या त्या शाळेच्या बसगाड्यांचा फोटो, राज्याने मागितल्याशिवाय केंद्राला घुसता येत नाही वगैरे: वाचलं. फोटो मीही पाहिलाय. असेल त्यांचा दोष, मी कुठे नाही म्हणतो? पण माझा लेख त्यावर नव्हता. न्यू ऑर्लिन्सच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हजारो माणसं अन्नपाण्यावाचून बसलीयेत हे सगळं जग टीव्हीवर बघत होतं, आणि फेमाचे तेव्हाचे प्रमुख मायकेल ब्राउन वादळानंतरच्या गुरुवारी टीव्हीवरच सांगतात की आम्हाला आजच कळलं. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष त्यांची पाठ थोपटतात, आणि दहा दिवसांनी ब्राउन राजीनामा देतात. मी लिहिलं ते याबद्दल. पुढे बुश यांनी स्वतः केंद्राच्या कमतरतेची जबाबदारी घेतली. त्यांनी घेतली, तुम्ही मात्र त्यांना घेऊ देत नाही, याला काय म्हणावं?

तुमची काल रात्रीची दुसरी प्रतिक्रिया मी प्रसिद्ध केलेली नाही. तीत शहर समुद्रसपाटीखाली वसवल्याबद्दल एक वाक्य बरं होतं, बाकीचं माझ्या नागरिकत्वाविषयी होतं. ते एक वाक्य ठेवून पुन्हा पाठवलीत तर लावीन.